परदेशातली मैत्री आणि मुलांची चित्रपुस्तकं: पाऊल पुढे कोण टाकतं?

रानजाई

नव्या देशात आलेलं मूल, न समजणारी भाषा, मधल्या सुट्टीतला एकटेपणा आणि मग कुणाशी तरी जमलेली गट्टी. एवढ्याशा कथानकावर इंग्रजीत गेल्या पंचवीसेक वर्षांत भरपूर चित्रपुस्तकं आली आहेत. मी अमेरिकेत मिनिआपोलिसला राहते. इथे सोमाली वस्ती मोठी आहे, शेजारच्या सेंट पॉलमध्ये आग्नेय आशियातून आलेली हमोंग कुटुंबं पुष्कळ, त्यामुळे लायब्ररीत ही पुस्तकं अगदी समोर मांडलेली असतात. लेकीबरोबर मी ती वाचतेच, शिवाय इथल्या मराठी शाळेत मुलांना चित्रं दाखवत मराठीतून सांगते. काही पुस्तकं मनापासून आवडली, काही नाही आवडली. का नाही आवडली, तेच लिहायला हा धागा काढलाय.

मला खटकतं ते हे: पुष्कळ पुस्तकांत सगळी मेहनत नव्या मुलाच्याच वाट्याला येते. भाषा त्यानेच शिकायची, डब्यातला पदार्थ त्यानेच वाटायचा, सणाचे कपडे घालून वर्गासमोर त्यानेच उभं राहायचं. मग वर्ग टाळ्या वाजवतो आणि त्याला आपल्यात घेतो. म्हणजे आधी स्वतःला सिद्ध कर, मग मैत्री. सात वर्षांच्या मुलाला हे कुणी समजावून सांगावं लागत नाही, चित्रांतून ते बरोबर पोचतं.

आता याच्या उलट, मला फार आवडलेलं पुस्तक: यांगसूक चॉई यांचं 'द नेम जार' (२००१). लेखन त्यांचंच, चित्रंही त्यांचीच. कोरियातून आलेल्या उनहेच्या नावाची पहिल्याच दिवशी बसमध्ये थट्टा होते. वर्गात ती सांगते, मी अजून नाव ठरवलेलं नाही. दुसऱ्या दिवशी तिच्या बाकावर काचेची बरणी आणि तिच्यात मुलांनी सुचवलेल्या नावांच्या चिठ्ठ्या! वर्ग वाईट नाही, मुलं मदतच करतायत. पण ती मदत म्हणजे 'तू आमच्यासारखी हो'. जोई नावाचा मुलगा मात्र तिचं खरं नाव विचारतो. आजीने दिलेल्या लाकडी शिक्क्याने ती ते त्याला कागदावर उमटवून देते. पुढे ती बरणीच नाहीशी होते. जोईनेच ती लपवलेली असते, तिने आपलं नाव ठेवावं म्हणून. आणि शेवटी हा पठ्ठ्या कोरियन दुकानदार किमकाकांकडून स्वतःसाठी एक कोरियन टोपणनाव घेऊन येतो, त्याच्या शिक्क्यासकट. इथे चालत गेलाय तो जोई.

दुसरं उदाहरण एका जोडीचं. ॲन सिबली ओब्रायन यांचं लहानपण दक्षिण कोरियात गेलं. त्यांच्या 'आय ॲम न्यू हिअर' (२०१५) मध्ये तीन मुलं आहेत: ग्वाटेमालाची मारिया, कोरियाचा जिन आणि सोमालियाची फातिमा. नवी शाळा त्यांच्या डोळ्यांनी दिसते. माझ्या लेकीची सगळ्यात जवळची मैत्रीण सोमाली आहे. दोघी लायब्ररीच्या गालिच्यावर पालथ्या पडून हे पुस्तक बघत होत्या. फातिमाचं पान आलं तशी मैत्रिणीने आधी तिच्या हिजाबवरून बोट फिरवलं, मग स्वतःच्या. आणि लेकीने मला विचारलं, "बाकीची मुलं हिला खेळायला का बोलवत नाहीयेत?" हाच प्रश्न आणखी कुणाकुणाला पडला असेल कोण जाणे, पण २०१८ मध्ये ओब्रायन बाईंनी 'समवन न्यू' काढलं. तोच वर्ग, तीच तीन नवी मुलं, पण या वेळी गोष्ट आधीपासून तिथे असलेल्या तिघांची. त्यांनाही कसं बोलावं ते सुचत नाही, तीही बुजलेली असतात. दोन्ही पुस्तकं शेजारी शेजारी ठेवून वाचावीत असं मी कळकळीने सांगेन. एकच आणायचं झालं तर 'समवन न्यू' आणा.

तुमच्या आवडीची, नावडीची पुस्तकं सांगा. देश कुठलाही चालेल.

चाफा

सुंदर धागा. 'नेम जार' आमच्याकडे पाठ आहे. वाचतेय.

माळरान

मेलबर्नहून लिहितोय. इथलं नाव घ्यायचं तर इरेना कोबाल्ड यांचं 'माय टू ब्लँकेट्स' (२०१४). चित्रं फ्रेया ब्लॅकवुड यांची. ऑस्ट्रेलियात याला २०१५ चा चित्रपुस्तकांचा मोठा पुरस्कार मिळाला. युद्धामुळे देश सोडून आलेली एक मुलगी. मावशी तिला लाडाने 'कार्टव्हील' म्हणायची, युद्ध आलं आणि ते नाव थांबलं. नव्या गावात परके आवाज तिच्या अंगावर धबधब्यासारखे कोसळतात, म्हणून ती घरी येऊन आपल्या शब्दांच्या जुन्या गोधडीत शिरते. बागेत एक मुलगी भेटते, दर वेळी थोडे शब्द घेऊन येते, आणि हळूहळू दुसरी गोधडी तयार होते.

रानजाई, तुमची कसोटी लावली तर बागेतली मुलगी स्वतःहून येते, हसते, पुन्हा येते. तिला पैकीच्या पैकी. पण ती कार्टव्हीलच्या भाषेतला एखादा शब्द शिकताना मला दिसली नाही. देवाणघेवाण एकतर्फीच राहिली. पुस्तक आवडतं, तरी हे मनात राहतं.

कुंचला

मी पुण्यात मुलांच्या पुस्तकांसाठी चित्रं काढते, म्हणून चित्रांबद्दल लिहिते.

'माय टू ब्लँकेट्स'मध्ये गोष्टीचं अर्धं काम रंग करतात. जुनी भाषा, जुनं घर सगळं केशरी, मातकट, उबदार. नवं शहर निळं, करडं, फिकट हिरवं. मुलगीही केशरी, म्हणजे त्या निळ्या जगात ती कुठेही उभी राहिली तरी उठून दिसते, लपूच शकत नाही. परकेपण म्हणजे काय हे चार वर्षांच्या मुलाला एकही वाक्य न वाचता कळतं. शब्दही अक्षरांनी लिहिलेले नाहीत, त्यांना कागदाच्या घड्यांसारखे आकार दिलेत. न समजणारी भाषा दाखवण्याची मी पाहिलेली ही सगळ्यात चांगली रीत.

याच कामासाठी शॉन टॅन यांनी 'द अरायव्हल' (२००६) मध्ये अख्खी लिपीच नवी रचली. पुस्तकात एकही शब्द नाही. बंदर, पाट्या, भाज्या, पाळीव प्राणी सगळं अनोळखी, त्यामुळे वाचणारा कुठल्याही देशाचा असो, तो तिथे नवखाच ठरतो. टॅन यांचे वडील मलेशियातून ऑस्ट्रेलियात आलेले. या पुस्तकात नव्या माणसाला मदत करणारे सगळे स्वतःच कधी ना कधी कुठून तरी पळून आलेले आहेत. कुणी तिकीट कसं काढायचं ते दाखवतं, कुणी जेवायला घरी नेतं, आणि प्रत्येक जण आपली गोष्ट सांगतो. आठ-नऊ वर्षांच्या पुढच्या मुलांना द्या, त्याआधी काही पानं भीतीदायक वाटतील.

नावडतीचं सांगायचं तर जेनी सू कोस्टेकी-शॉ यांचं 'सेम, सेम बट डिफरंट' (२०११). अमेरिकेतला इलियट आणि भारतातला कैलाश एकमेकांना चित्रं पाठवतात. रंग देखणे, दोन्ही मुलांना समान पानं, पाऊलही दोघं टाकतात. पण इलियटच्या वाट्याला उंच इमारतींचं शहर आणि कैलाशच्या वाट्याला नदीकाठचं खेडं. खेडं खोटं नाही, भारतात ते आहेच. पण जोडी लावताना शहरासमोर खेडं ठेवलं की देशांमधला फरक आणि शहर-खेड्यातला फरक यांची सरमिसळ होते. माझ्या सोसायटीतल्या मुलांना त्या पुस्तकात कैलाशपेक्षा इलियट जवळचा वाटला.

स्पष्टवक्ता

सगळ्यांच्या भावना समजतात, पण मला हा सगळा प्रकार थोडा कृत्रिम वाटतो. मुलांना मैत्री करायला पुस्तक लागत नाही. मी गिरगावातल्या चाळीत वाढलो. शेजारी गुजराती, खाली कोकणी ख्रिश्चन, वर तेलुगू कुटुंब. आम्हाला कुणी 'वेगळ्या संस्कृतीतला मित्र' असं पुस्तक वाचून दाखवलं नाही. चेंडू होता, गच्ची होती, झालं. आता न्यू जर्सीत माझ्या मुलाच्या शाळेत अशी पुस्तकं अगदी औषधासारखी देतात. मुलांना हिरव्या ड्रॅगनची गोष्ट हवी असते.

रानजाई

@स्पष्टवक्ता, ड्रॅगनची गोष्ट हवीच, त्यावर वाद नाही. आणि औषधासारखी लिहिलेली पुस्तकं मलाही नकोत. त्यांची चित्रंसुद्धा तक्त्यांसारखी असतात.

पण चाळीत तुम्ही सगळेच एकमेकांचे शेजारी होता. कुणाला आधी सिद्ध व्हावं लागत नव्हतं. तीस मुलांच्या वर्गात तुमच्यासारखं दुसरं कुणीही नसतं तेव्हा हिशोब बदलतो. 'द सँडविच स्वॉप' (२०१०) बघा. जॉर्डनच्या राणी रानिया आणि केली डिपुकियो यांनी मिळून लिहिलंय, बीज राणीच्या स्वतःच्या लहानपणच्या प्रसंगातलं. सलमा आणि लिली आधीपासून जिवलग मैत्रिणी आहेत: एकत्र चित्रं काढतात, दोरीवरच्या उड्या मारतात, झोके घेतात. तुमचा चेंडू आणि गच्चीच ती. तरी एके दिवशी एकीचं हमस आणि दुसरीचं पीनट बटर यावरून त्या एकमेकींना नको ते बोलतात, वर्गात दोन तट पडतात, खाणाघरात अन्नाची फेकाफेक होते. मैत्री आपोआप जुळते हे खरंच, पण ती अशीच एखाद्या डब्यावरून आपोआप तुटतेही. मग दोघी एकमेकींचा घास खाऊन बघतात. दोघी! एकीनेच नव्हे. म्हणून हे पुस्तक माझ्या कसोटीला उतरतं.

शेवटी सगळ्या देशांच्या पदार्थांची जेवणावळ आहे, ती मला नसती तरी चाललं असतं. तो शाळेचा कार्यक्रम झाला, मैत्री त्याआधीच परत आली होती.

डब्याच्याच गोष्टीत आयशा सईद यांचं 'बिलाल कुक्स दाल' (२०१९) जास्त मोकळं आहे. बिलालच्या मित्रांना डाळ दिसायला आणि वासाला जरा शंकास्पदच वाटते, बिलाललाही धाकधूक होते. पण डाळ शिजायला वेळ लागतो, तेवढ्यात सगळे खेळून येतात. कुणी भाषण देत नाही.

स्पष्टवक्ता

सँडविचचा मुद्दा पटला. आधीची मैत्री तुटते, हे माझ्या लक्षात आलं नव्हतं. औषधाबद्दलचं मत मात्र कायम.

खडूफळा

मी मुंबईत महापालिकेच्या मराठी शाळेत दुसरीला शिकवते. पालिकेच्या शाळा आठ माध्यमांत चालतात, पण घराजवळ जी असेल तिथे मूल येतं. त्यामुळे माझ्या मराठी वर्गात घरी भोजपुरी, कन्नड, तेलुगू बोलणारी मुलं आहेत. काही मुलं जूनमध्ये येतात आणि दिवाळीनंतर दिसत नाहीत, कारण आईवडिलांचं बांधकाम दुसरीकडे सुरू झालेलं असतं. माझ्या वर्गातलं स्थलांतर हे असं.

मी वर्गात सांगितलेलं पुस्तक म्हणजे 'फोर फीट, टू सँडल्स' (२००७). लेखिका कॅरेन लिन विल्यम्स आणि खद्रा मोहम्मद. पाकिस्तानात पेशावरजवळची अफगाण निर्वासितांची छावणी. मदतीचा ट्रक कपडे फेकतो, लीनाला पिवळ्या सँडलचा एक पाय मिळतो. दुसरा असतो फिरोजाच्या पायात. दोघी ठरवतात, आळीपाळीने घालायच्या. शाळेत फक्त मुलांना जागा, मग या दोघी खिडकीतून बघतात आणि मातीत काडीने आपली नावं गिरवतात.

एकेकीने एकच सँडल घातली तर काय होईल, असं मी मध्येच विचारलं. लगेच एकाने स्वतःची डावी चप्पल काढून बाकाखाली सरकवली आणि एका पायाने फटक-फटक करत वर्गाला चक्कर मारली. मग सगळा वर्ग. तेवढी पाच मिनिटं घरी कोण काय बोलतं हे कुणाच्या लक्षात राहिलं नाही. बसल्यावर मुलांनी सोमवार ते शनिवार कुणी कधी सँडल घालायची त्याचं वेळापत्रक करून दिलं. रविवारी कुणी घालायची यावर भांडण झालं, ते शेवटी मिटवलं गुलबर्ग्याहून आलेल्या मुलीने. ती एरवी वर्गात बोलत नाही. म्हणाली, रविवारी आजीला द्यायची.

या पुस्तकात यजमान कुणीच नाही, म्हणून मला ते आवडतं. दोघीही उपऱ्या, दोघींचीही सारखीच गरज. रानजाईताई, तुमच्या कसोटीत हे कुठे बसतं?

रानजाई

बाई, काय सुंदर लिहिलंत! आजीला द्यायची!

माझी कसोटी यजमान आणि पाहुणा अशी जोडी असेल तिथलीच आहे. इथे दोघींमध्ये वर-खाली काही नाही, म्हणून मैत्री इतकी सरळ होते. शेवटी लीनाच्या घरच्यांना अमेरिकेला जायला मिळतं, आणि दोघी एकेक सँडल जवळ ठेवतात. अमेरिकेत पोचल्यावर लीनाच्या वर्गात काय झालं असेल हा विचार माझ्या मनातून जात नाही. त्याच दोन लेखिकांचं 'माय नेम इज संगोएल' (२००९) जवळजवळ तिथूनच सुरू होतं: सुदानचा, डिंका जमातीचा मुलगा, अमेरिकेतली शाळा, नाव कुणालाच म्हणता येत नाही. तो सदऱ्यावर सूर्य (सन) आणि फुटबॉलचा गोल काढून नावाचं कोडं घालतो, आणि मग सगळा वर्ग आपापल्या नावांची चित्रं काढायला बसतो. युक्ती त्याची, पण नंतर सगळेच त्या खेळात उतरतात.

माईआजी

मी लीड्सला मुलाकडे येऊन-जाऊन असते. नातवाच्या शाळेतून 'द डे वॉर केम' घरी आलं होतं. निकोला डेव्हिस यांची कविता आणि रिबेका कॉब यांची चित्रं, २०१८ चं पुस्तक. सुनेने सांगितलं की कविता आधी २०१६ मध्ये वर्तमानपत्रात आली. ब्रिटिश सरकारने एकट्या पडलेल्या तीन हजार निर्वासित मुलांना घ्यायला नकार दिला होता, त्या वेळी. युद्धातून एकटी चालत आलेली मुलगी शाळेच्या दाराशी येते आणि बाई सांगतात, तुझ्यासाठी खुर्ची नाही. ती परत जाते. नंतर दार वाजतं, एक मुलगा खुर्ची घेऊन उभा. त्याचे मित्रही आपापल्या खुर्च्या घेऊन आलेले, रस्ताभर. तुम्ही म्हणता तसं इथे पाऊल पूर्णपणे इथल्या मुलांनी टाकलंय, ते सुद्धा मोठ्यांनी नाही म्हटल्यावर. मला रडू आलं. नातू मात्र पुस्तकातल्या खुर्च्या मोजत बसला, कारण प्रत्येक खुर्ची वेगळी काढलीय.

लहान मुलाला एकट्याने वाचायला देऊ नका. बॉम्ब पडतो ते पान मांडीवर घेऊन वाचायचं.

कुंचला

माईआजी, +१. ते पान मीही बाजूला बसूनच दाखवते.

थोडं मागे जाऊन, कारण हा विषय अमेरिकेत आकड्यांनीही मांडला गेलाय. बालसाहित्याच्या अभ्यासक रुडीन सिम्स बिशप यांनी १९९० मध्ये लिहिलं की मुलांसाठी पुस्तक आरसा असतं, खिडकी असतं आणि सरकतं काचेचं दारही असतं: मूल त्यात स्वतःला बघतं, दुसऱ्याचं जग बघतं आणि त्या जगात शिरतंही. आरसा आणि खिडकी सगळे सांगतात, दार विसरतात. रानजाईंचा प्रश्न दाराचाच आहे. विस्कॉन्सिन विद्यापीठातलं बालपुस्तकांचं केंद्र दरवर्षी आलेल्या पुस्तकांतली पात्रं मोजतं. २०१८ च्या मोजणीत निम्म्या पुस्तकांत मुख्य पात्र गोरं, सत्तावीस टक्क्यांत प्राणी आणि वस्तू, आणि आशियाई वंशाचं मूल सात टक्क्यांत. @स्पष्टवक्ता, तुमचा ड्रॅगन सुखरूप आहे, त्याला सात टक्क्यांतल्या मुलांच्या जवळजवळ चौपट जागा मिळालीय.

दूरदेशी

एक मराठी धागा जोडते. सुप्रिया केळकर अमेरिकेतच वाढल्या. त्यांची 'अहिंसा' (२०१७) ही मोठ्या मुलांसाठीची कादंबरी पणजी अनसूयाबाई काळे यांच्या आयुष्यावरून सुचलेली, त्या नागपूरच्या खासदार होत्या. केळकरांचं चित्रपुस्तक 'द मेनी कलर्स ऑफ हरप्रीत सिंग' (२०१९), चित्रं अलिया मार्ली यांची. हरप्रीतकडे प्रत्येक मनःस्थितीसाठी वेगळ्या रंगाचा पटका आहे. आईच्या नोकरीमुळे बर्फाळ शहरात जावं लागतं आणि तो रोज पांढरा घालू लागतो, कुणाला दिसू नये म्हणून. मग एक हरवलेली टोपी सापडते, तिची मालकीण ॲबी भेटते. मला यात आवडलं ते म्हणजे पटका काय, का, कशासाठी, याचं स्पष्टीकरण गोष्टीत कुणी मागतच नाही.

खडूफळा

आता माझी तक्रार, रागाने नाही, तळमळीने. ऑक्टोबर आला की बीडकडची कुटुंबं ऊसतोडीला पश्चिम महाराष्ट्रात, कर्नाटकात जातात. सोबत मुलं. कारखान्यावर साखरशाळा असली तर शाळा, नाहीतर पाचटात खेळणं. गावातली मुलं आणि पालावरची मुलं यांची मैत्री हा विषय मराठी चित्रपुस्तकात ठळकपणे यायला हवा. माधुरी पुरंदरे यांच्या 'राधाचं घर'सारख्या पुस्तकांनी दाखवून दिलंय की आपल्या घरातल्या साध्या माणसांवर उत्तम चित्रपुस्तक होतं. तीच नजर पालाकडे वळायला हवी. स्थलांतर म्हटलं की विमानच डोळ्यांपुढे येतं, पण आमच्याकडे ते ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत बसून होतं.

कुंचला

बाई, तुम्ही लिहा, मी चित्रं काढते. हे मनापासून म्हणतेय. सँडलचं वेळापत्रक ज्या मुलांनी केलं त्यांनाच विचारून लिहा, म्हणजे पालावरची पोर 'बिचारी' होणार नाही. प्रथम बुक्सच्या स्टोरीवीव्हर या संकेतस्थळावर टाकलं तर कुणालाही फुकट वाचता येईल आणि भोजपुरी, कन्नडमध्येही करता येईल. संपर्कातून निरोप पाठवतेय.

खडूफळा

निरोप मिळाला. कच्चा खर्डा दिवाळीच्या सुट्टीत करते.

तोवर एक सांगा. इंग्रजी न येणाऱ्या, सहा-सात वर्षांच्या चाळीसेक मुलांसमोर यातलं कुठलं धरू? अनुवाद करायला वेळ नाही.

रानजाई

शब्दच नसलेलं घ्या. 'द अरायव्हल' या वयाला जड आहे. माळरान, तुमच्याकडचं जीनी बेकर यांचं पुस्तक चालेल ना?

माळरान

तेच लिहायला आलो होतो. 'मिरर' (२०१०). एका पुठ्ठ्यात दोन पुस्तकं: डावीकडे सिडनीतल्या कुटुंबाचा दिवस, उजवीकडे मोरोक्कोतल्या. एक भाग डावीकडून उजवीकडे उलटतो, दुसरा अरबीसारखा उजवीकडून डावीकडे. सगळी चित्रं कापड, माती, पानं, कागद चिकटवून केलेली. सुरुवातीची छोटी प्रस्तावना सोडली तर शब्द नाहीत. मोरोक्कोतलं कुटुंब गालिचा विकतं आणि तोच सिडनीच्या घरात पोचतो, हे मुलांना स्वतः शोधू द्या, सांगू नका.

खडूफळा

आधी एक भाग पूर्ण दाखवू, मग दुसरा?

माळरान

नाही, दोन्ही एकाच वेळी. दोन मुलांना पुढे बोलवा, एकाने डावं पान धरायचं, दुसऱ्याने उजवं, आणि उलटायची ती एकदमच. चाळीस मुलांना लांबून चित्रं बारीक दिसतील, तेव्हा आठ-आठचे गट करा. गालिचा कुठल्या पानावर विकला जातो ते तुम्ही आधी घरी बघून ठेवा, म्हणजे तिथे मुलं थांबली की तुम्हालाही थांबता येईल.